चौदा नंबरमधला माझा जोड

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दोन कोऱ्या बॅटऱ्या! थंकच्चनने कुणाला न विचारता आणल्या आणि बसवल्यासुद्धा. मशीन चालू होत नाही म्हटलं की आमच्या या मॅनेजरचा हात आधी बॅटरीकडे जातो. चावी फिरवली — ढिम्म. मग माझी आठवण झाली. "बीरानिक्का, जरा बघता का?" काम पडलं की मी त्याचा इक्का, मोठा भाऊ. म्हटलं, आधी विचारलं असतंस तर तोंड झिजलं असतं का?

पेशंट म्हणजे जुना जपानी लोडर. काल ट्रेलरवरून तारेने ओढून उतरवला. रास अल खैमाकडून आलाय, मधे चार मालक झालेत, एवढंच कळलं. वरून पिवळाजर्द रंग फासलाय, त्याचा वास अजून जात नाही. इतका ताजा रंग दिसला की मला आधी संशय येतो. मीटरवर तास आठ हजार. सीटचा कोपरा आणि ब्रेकच्या पट्टीची झीज बघून मी वीस हजार म्हणेन. मीटर काय, कुणीही मागे फिरवतो.

झरवली खान कमरेवर हात ठेवून उभा होता. आमच्या या शारजाच्या यार्डातली सगळी मशीनं इकडची तिकडे करणारा हाच. माझ्या खोलीत समोरचा पलंग त्याचा, चार वर्षं झाली. नवीन मशीन आलं की त्याची परीक्षा ठरलेली — वर चढायचं, ब्रेक दाबायचा, मुद्दाम गिअर पुढे टाकायचा आणि चावी मारायची. गिअरात असताना इंजिन फिरलं की खान खाली उतरला! मी ते दुरुस्त करेपर्यंत त्या मशीनला हात लावणार नाही, मग थंकच्चन कितीही नाचू दे. सगळे हसतात. मी हसत नाही, मला कारण माहीत आहे.

आज परीक्षा झालीच नाही, कारण मशीन कशालाच दाद देत नव्हतं. "उस्ताद, याने तर बोलणंच टाकलंय," म्हणाला.

चार वाजता माझ्या हातची सुलेमानी, बिनदुधाची. रोजच्यासारखा म्हणाला, मलबारी लोक भांडी विसळलेलं पाणी पाजतात आणि त्याला चहा म्हणतात. रोजच्यासारखे दोन कप प्याला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज रीतसर सुरुवात केली. दोन्ही बॅटऱ्या मिळून पंचवीस व्होल्ट. म्हणजे जुन्याही बहुतेक चांगल्याच होत्या, थंकच्चनने त्या भंगारात दिल्या. शाब्बास.

मग अर्थिंग. बॅटरीची वायर जिथे सांगाड्याला बोल्टने धरलीय तिथेही रंगवाल्याने ब्रश मारलेला! खरवडून चकचकीत केलं. काही फरक नाही. ठीक आहे, एक शंका तर मिटली.

झरवलीला वर चावीवर बसवलं, मी खाली स्टार्टरपाशी टेस्टिंगचा दिवा धरून. जाड वायरीवर दिवा लख्ख लागतो. चावीकडून येणाऱ्या बारक्या वायरीवर काही नाही. "मार!" अंधार. "परत मार!" अंधार. दहा वेळा. मग स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टरची दोन टोकं जोडली — इंजिन भडकन उठलं, काळा धूर, पलीकडच्या यार्डातली माणसं बघायला आली. म्हणजे स्टार्टर चांगला, इंजिन चांगलं. चावीचा निरोप मधेच कुठेतरी अडकतोय. एवढं कळायला मला पाऊण तास लागला. दुसरा कुणी असता तर स्टार्टर उतरवून, घासून, परत चढवून तीन दिवस घालवले असते आणि वर छाती फुगवली असती.

निरोप कुठे अडकतो ते उद्या.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

झरवली जेबेल अलीहून एक रोलर आणायला गेला होता. मी एकटाच. सीटमागचं झाकण उघडलं तर आत वीतभर दगडाची भुकटी. हे मशीन खडीच्या क्रशरवर राबलेलं. भुकटी काढता काढता रिले दिसला आणि रिलेच्या दोन टोकांना जोडणारी निळी वायर दिसली. कुणीतरी मशीन डायरेक्ट केलेलं! गिअर न्यूट्रलला असला तरच चावी लागावी म्हणून एक स्विच असतो. तो मेला की मशीन जागेवर. मग आमच्यातला कुणी शहाणा वीतभर वायर टाकतो, स्विचला वगळतो आणि मशीन चालू. फक्त त्यानंतर ते गिअरातही चालू होतं.

त्या वायरीचा जोड हिरवा पडून कुजला होता. हाच बिघाड. वायर कुजली आणि मूळचा स्विच तर आधीच मेलेला, म्हणून ढिम्म. खूश झालो. जोडावरची टेप सोलली.

आत दोरा. पांढरा शिवणाचा दोरा, सात वेढे, शेवटी दुहेरी गाठ.

टेप उन्हात सुटते, दोरा सुटत नाही. हे मला केरळात, आमच्या तानूरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वयाच्या सोळाव्या वर्षी शिकवलं गेलं. या देशात बावीस वर्षं झाली, असा जोड बांधणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. माझी बायको कदीजा या दोऱ्याची रिळं पाठवते.

झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलंय — १४. बाहेर रंग फासला, आत कोण बघतो!

वायर कापली. चष्म्याच्या डबीत टाकली. थंकच्चनला सांगितलं, न्यूट्रलचा स्विच गेलाय, नवीन लागेल. सुलेमानी केली नाही आज. डोकं दुखतंय म्हटलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सुट्टी. झरवलीने मटण शिजवलं. नुसतं मीठ आणि चरबी, दुसरं काही नाही. रोज चेष्टा करतो मी, नारळ न घालता जेवता तरी कसं म्हणून. आज चेष्टा केली नाही, अर्धं ताट तसंच ठेवून उठलो.

त्याचा फोन चार्जिंगला लावलेला. स्क्रीनवर तोच फोटो. त्याचा धाकटा भाऊ बख्तरवान, हिरवी टोपी, लोडरच्या चाकाला टेकून उभा, दात काढून हसतोय. हा फोटो मी हजारदा पाहिलाय. मागे कॅबवर नंबर आहे हे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. चौदा. आणि डाव्या दिव्याची जाळी आत दबलेली. आपल्या लोडरचीही दबलेलीच आहे.

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल. बख्तला झरवलीनेच पाकिस्तानातून, त्यांच्या बुनेरहून इकडे आणला. स्वतः शिकवून लोडरवर बसवला, हा एका क्रशरवर, तो डोंगरापलीकडच्या दुसऱ्या क्रशरवर. क्रशरवर दिवसातून पन्नासदा उतरा, दगड मोकळा करा, परत चढा. म्हणून जुने ऑपरेटर सीटवर बसायचा कंटाळा करतात. शिडीवर उभं राहून दारातून हात घालतात आणि चावी मारतात. झरवली तसंच करायचा. बख्तलाही तेच शिकवलं. २०१९च्या एप्रिलमध्ये बख्तने शिडीवरून चावी मारली आणि लोडर गिअरात होता. लोडर उसळला, पोर खाली पडलं, मागचं चाक अंगावरून गेलं. चोवीस वर्षांचा होता.

कंपनीने कागद दिला. कामगाराचा निष्काळजीपणा. झाकण कुणी उघडलं नाही.

झरवली प्रेत घेऊन गेला तो शेवटचा. सहा वर्षं गावी गेलेला नाही. बाप गेला तेव्हाही नाही. आईने एकदाच विचारलं होतं, शिडीवरून चालू करायला त्याला कुणी शिकवलं? हा म्हणाला, मी. तेव्हापासून तिचा फोन दोन मिनिटांचा. पैसे पोचले का — पोचले.

हे त्याने मला एकदाच सांगितलं, तीन वर्षांपूर्वी, आणि मी त्याला म्हटलं होतं की नशिबापुढे कोण काय करणार. मी! मी म्हटलं होतं!

शनिवार, ८ नोव्हेंबर

त्याने ओळखलं.

सकाळी लोडरच्या पुढे उभा होता. दिव्याच्या जाळीवर बोट फिरवत होता. मग खिशातून फोन काढला, फोटो मोठा केला, जाळीशेजारी धरला. मी पलीकडे रोलरखाली होतो, मला सगळं दिसत होतं. तो मागच्या चाकापाशी जाऊन उकिडवा बसला. कुणी बोलवायला गेलं नाही. थंकच्चनसुद्धा नाही.

दुपारी माझ्याकडे आला. आवाज अगदी साधा. "उस्ताद, हे तू उघडलंस. आत काही दिसलं का? न्यूट्रलचा स्विच चालत होता का याचा?"

म्हटलं, सहा वर्षं झाली, किती हात लागले असतील, मी काय सांगू? एक वायर कुजली होती, तेवढीच.

मान हलवली. "मला वाटलं, कुणी डायरेक्ट केलं असेल."

एवढंच म्हणाला आणि गेला. म्हणजे परीक्षा यासाठी! प्रत्येक मशीन यासाठी तपासतो. मला वाटायचं भीतीने करतो. तो शोधत होता. जुनी मशीनं फिरून फिरून शारजाच्या यार्डात येतात, म्हणून क्रशर सोडून इथे येऊन बसला. बख्तची चूक नव्हती हे दाखवणारी एक वायर त्याला हवी होती आणि ती माझ्या वरच्या खिशात, चष्म्याच्या डबीत होती.

मी खोटं बोललो त्याच्याशी.

रविवार, ९ नोव्हेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. चष्मा लावायला डबी उघडावी लागते.

सोमवार, १० नोव्हेंबर

स्विच दुबईत नाही. जपानहून मागवला तर दहा दिवस. थंकच्चन डोकं धरून बसला, कारण गुरुवारी टांझानियाचा व्यापारी येतोय आणि त्याला पहिल्या चावीला मशीन उठलेलं दिसायला हवं. मग लाडात येऊन म्हणाला, "इक्का, एवढीशी वायर टाका ना. तिकडे गेल्यावर त्यांचं ते बघतील."

डोकं फिरलं माझं. काय काय बोललो आठवत नाही. हातातला पाना आपटला, तो उडून त्याच्या बुटापाशी पडला. बावीस वर्षांत मी मॅनेजरवर आवाज चढवलेला नाही. माझं वय झालंय, आणि मला काढलं तर दुसरीकडे कोण घेणार, हे मला माहीत नाही का? तरी ओरडलो. अशी वायर टाकणारा माणूस खुनी असतो, असं म्हणालो. सगळ्यांदेखत.

थंकच्चन हळूच म्हणाला, "पण इक्का, आधी तुम्हीच तर करायचात सगळं डायरेक्ट."

तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच आहे. तेव्हा मी क्रशरांवर फिरायचो, दिवसाला चार चार मशीनं. कुणाचा स्विच गेला की बोलव बीरानला. किती वायरी टाकल्या असतील? शंभर? सगळ्या नंतर काढायच्या असं म्हणून टाकल्या. एकही काढायला गेलो नाही.

संध्याकाळी झरवली माझ्या पलंगावर येऊन बसला. म्हणाला, "आज तू माझ्या भावासाठी भांडलास."

चांगला माणूस आहे तो. माझ्या चपलेचा तुटलेला पट्टा त्याने शिवून ठेवला होता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

विचार करतोय — मी आपणहून कधीच वायर टाकत नसे. कुणीतरी सांगितल्याशिवाय नाही. क्रशरचा मॅनेजर, फोरमन, कुणीतरी. त्याने दम दिला असेल. मग दोष त्याचा निम्मा तरी. झरवलीला तसं सांगता येईल. मी काय, हुकमाचा ताबेदार.

पण आठवत नाही! ते क्रशर आठवतं, तिथली पत्र्याची खोली आठवते, कुत्री आठवते. चौदा नंबर आठवत नाही. शंभरातला एक.

पण लिहिलेलं असणार. मी रोज लिहितो. २०१९ची निळी वही घरी, तानूरला, लोखंडी पेटीत आहे. माझ्या पोरीला, नसीबाला फोन केला. मार्च-एप्रिल २०१९ बघ, क्रशर आणि चौदा नंबर कुठे येतं ते शोध. बाकी काही वाचू नकोस. बावीस वर्षांची आहे, न वाचता राहील का? आणि कदीजाला काही सांगू नकोस. "उप्पा, काय झालंय?" काही नाही म्हटलं, एका मशीनचं काम अडलंय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

स्विच मिळाला! मीच मिळवला. पाच नंबरच्या इंडस्ट्रियल एरियात एका अफगाणाच्या भंगारात याच जातीचा जळका लोडर पडलाय. तीन तास उन्हात उपडा पडून त्याचा स्विच काढला. खिशातले पैसे दिले, थंकच्चनला मागितले नाहीत. संपर्क घासून साफ केले, मीटरने दहादा तपासला, बसवला. वायरी नव्या घातल्या, सगळीकडे दोरा, सात वेढे.

झरवलीला हाक मारली. वर चढला. शिडीचा प्रत्येक दांडा धरून, हळूहळू. सीटवर बसला. मग ब्रेक, गिअर पुढे, चावी. काही नाही. गिअर मागे, चावी. काही नाही. न्यूट्रल, चावी — एका दमात उठला!

खाली उतरला आणि माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, सहा वर्षांपूर्वी हे कुणी केलं असतं तर. माझ्या जिवाचं काय झालं ते मी इथेही लिहू शकत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

टांझानियाचा व्यापारी आला. जाणता माणूस. आधी इंजिनवर हात ठेवला. गरम असतं तर परत फिरला असता, कारण पहाटे तापवून ठेवलेलं मशीन पाहुण्यांसमोर नेहमीच गुणी वागतं. गार होतं. पहिल्या चावीला उठलं. थंकच्चनचा चेहरा बघण्यासारखा! सौदा झाला. शनिवारी सकाळी लोडर बंदराकडे निघणार.

म्हणजे चौदा नंबर परवा जाणार. गेला की संपलं. वायर कचऱ्यात टाकली की झालं, कुणाला कधी कळणार नाही. दिवसभर हाच विचार करतोय आणि हाच विचार करतोय याची लाज वाटतेय.

झरवली लोडर धूत होता. धुवायची गरज नव्हती.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जुम्म्याच्या नमाजानंतर नसीबाचा फोन आला. सापडलं. मी गच्चीवर गेलो, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. म्हटलं, वाच. तिने वाचलं ते जसंच्या तसं लिहून घेतो.

"१९ मार्च, मंगळवार. उन्हाने जीव गेला. क्रशरवर १४ नंबर. न्यूट्रल स्विच मेलाय. फोरमनला सांगितलं, नवीन आणा, तोवर मशीन बंद. तो हो म्हणून गेला. ऑपरेटर पोरगा पाठीस लागला. हिरवी टोपी, पठाण. उस्ताद, तीन दिवस मशीन उभं आहे, हजेरी कापतात, डायरेक्ट करून दे, कुणाला सांगणार नाही. नाही म्हटलं. पाय धरले त्याने. करून दिलं. बजावून सांगितलं, आता हे गिअरातही उठेल, वर बसून, गिअर बघूनच चावी मारायची, शिडीवरून नाही. हसला. म्हणाला, माझा मोठा भाऊ आयुष्यभर शिडीवरून मारतोय, त्यानेच शिकवलंय, त्याला कधी काही झालं नाही. रागावलो. मग त्याने अर्धी रोटी आणि कांदा दिला. दोघांनी खाल्ला. गोड पोरगा."

एवढंच. पुढची नोंद कदीजाच्या दाढेची.

नसीबा म्हणाली, "उप्पा, तुम्ही तर सांगितलं होतं त्याला." मग विचारलं, या पानाचा फोटो पाठवू का? मी फोन ठेवला.

खरं लिहितो — आधी आनंद झाला. आनंदच! छातीवरून दगड उतरला. मी नाही म्हटलं होतं. मी बजावलं होतं. माझ्याच हातचं, तारखेनिशी. झरवलीला दाखवायचं, बघ, तुझ्या भावानेच मागितली, मी सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. जिन्यापर्यंत गेलोसुद्धा. खाली खोलीत तो मटण शिजवत होता, काहीतरी गुणगुणत होता, चार वर्षांत पहिल्यांदा.

तिथेच पायरीवर बसलो. रोटी आठवली. कांदा आठवला, फार तिखट होता, पोराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसत होता.

त्या पानात आणखी एक वाक्य आहे. मोठ्या भावाचं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लोडर ट्रेलरवर चढवायच्या आधी झरवलीला बाजूला घेतलं. डबीतून वायर काढून त्याच्या हातावर ठेवली. सांगितलं, ही माझी. तुझ्या भावाच्या मशीनमधली. माझ्या मनाने टाकली, कुणी मागितली नव्हती. तुझ्या भावाला काही सांगितलं नव्हतं.

"त्याला माहीतच नव्हतं?"

"नाही. माहीत असतं तर तो वर चढून बसला असता."

दोऱ्याचे वेढे बोटाने मोजले त्याने. मग ट्रेलरच्या सावलीत बसून आईला फोन लावला. पश्तो मला येत नाही, बख्तचं नाव तेवढं कळलं. खूप वेळ बोलत होता.

नसीबाला सांगितलं, ते पान फाडून चुलीत घाल.

त्याने त्याचा पलंग पलीकडच्या खोलीत नेला. पुढच्या आठवड्यात गावी जातोय, थंकच्चनकडून कळलं. चार वाजता सवयीने दोन कप ओतले. एक मी प्यालो.